नदी आणि नाका यांच्या मधे : अमेरिका-मेक्सिको सीमेवरचा दवाखाना

(सीमाभागातल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्याची धाटणी मुद्दाम तशीच ठेवली आहे.)



आयोजकांनी मला ‘सीमाभाग आणि आरोग्य’ असा विषय दिला. आपल्या भागाचं दुखणं मी तुम्हाला सांगायला नको, तुमच्यातले निम्मे जण ते रोज काढताय. म्हणून मी आज दुसऱ्याच एका सीमेबद्दल बोलणार आहे, अमेरिका आणि मेक्सिकोच्या. तिथे स्पॅनिश बोलणारी लाखो माणसं राहतात. दवाखान्यापर्यंत पोहोचायला त्यांना काय काय पार करावं लागतं आणि त्यांच्यातल्याच काही बायकांनी त्यातून कशी वाट काढली, एवढंच सांगते.

माझा त्या भागाशी संबंध कसा आला, ते आधी सांगून टाकते. मी एकतीस वर्षं चंदगड तालुक्यात आरोग्य सेविका, आणि शेवटी आरोग्य सहाय्यिका म्हणून नोकरी केली. सासर बेळगावचं. माझी पुतणी डॉक्टर आहे, टेक्सासच्या अगदी दक्षिण टोकाला, मॅकॅलन नावाच्या गावात. परदेशी डॉक्टरांनी तिथे शिक्षण पुरं केलं की दोन वर्षं मायदेशी परत जायचं, असा एका व्हिसाचा नियम आहे. त्यातून सुटायचं असेल तर जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम करायचं. दर राज्याला वर्षाला अशा ३० जागा मिळतात. तिकडच्या गोऱ्या डॉक्टरांना जिथे जायला नको असतं, तिथे आपली पोरं-पोरी जातात. सीमेवरच्या त्या गावांत भारतीय आडनावांच्या पाट्या बघून मला आधी नवल वाटलं, मग कारण कळलं.

तिच्याकडे मी सव्वाचार महिने राहिले. घरात बसून टीव्ही किती बघणार? तिच्या ओळखीने तिथल्या आरोग्य कार्यकर्त्या बायकांबरोबर वस्त्यांत हिंडायला लागले. भाषा येत नव्हती, पण रक्तदाबाचा पट्टा कुणाच्या दंडाला कसा बांधतात हे बघायला भाषा कशाला लागते?

आता आधी नकाशा. ही सीमा साधारण ३,१४५ किलोमीटरची. अमेरिकेची चार राज्यं एका बाजूला, मेक्सिकोची सहा दुसऱ्या बाजूला. टेक्सासच्या भागात मधे नदी आहे. अमेरिकन तिला रिओ ग्रांद म्हणतात, मेक्सिकोवाले रिओ ब्राव्हो. नदी एकच, नावं दोन. १८४८ च्या तहाने ही नदी सीमा ठरली. त्याआधी लारेडो नावाचं गाव जवळपास शंभर वर्षं नदीच्या उत्तर काठावर नांदत होतं. रेघ पडली आणि काही कुटुंबांनी नदी ओलांडून पलीकडे नवं लारेडो वसवलं. जी राहिली ती जागची हलली नाहीत, पण देश बदलला. तिथली म्हातारी माणसं म्हणतात, की आम्ही सीमा ओलांडून आलो नाही, सीमाच आमच्या अंगावरून गेली. १९५६ नंतर आपल्या घरांत असं काही ऐकलं नसेल, असा माणूस या सभागृहात सापडायचा नाही. पण एवढ्यावरच साम्य थांबवूया. आपली सीमा दोन राज्यांची आहे. त्यांची दोन देशांची, बंदूकवाल्या पोलिसांची. आपल्याला निपाणीहून कागलला जायला पासपोर्ट लागत नाही.

टेक्सासच्या त्या टोकाला रिओ ग्रांद व्हॅली म्हणतात. चार जिल्हे, तेरा लाखांहून जास्त वस्ती आणि दहांतली नऊ माणसं लॅटिनो. आपल्याकडे लोकांचा समज असा की ही सगळी चोरून आलेली. तसं नाही. बहुतेक जण जन्माने अमेरिकन नागरिक आहेत. पण कुटुंबं मिसळलेली. बाप नागरिक, आई बिनकागदाची, थोरला पोरगा लहानपणी कडेवर आणलेला, धाकटी तिथेच जन्मली म्हणून पक्की अमेरिकन. एकाच ताटात जेवणारी चार माणसं आणि दवाखान्याच्या खिडकीवर चौघांचे हक्क चार तऱ्हेचे. धाकटीला सरकारी विमा मिळतो, आईला मिळत नाही. मग धाकटीचा फॉर्म भरायलाही आई घाबरते, कारण फॉर्मवर घरचा पत्ता लिहावा लागतो.

त्या आईची अवस्था नीट समजून घ्या. दक्षिणेला नदी. पूल ओलांडून मेक्सिकोत जायला तिला कुणी अडवत नाही. तिथे डॉक्टर स्वस्त, औषधं स्वस्त. पण एकदा गेली की परत यायचं कसं? मुलं इकडे. म्हणजे दक्षिण बंद. आता उत्तरेला वळा. सान अँटोनिओ, ह्यूस्टन, मोठमोठी इस्पितळं तिकडे. पण सीमेपासून साधारण ११० किलोमीटर आत, फाल्फुरियास नावाच्या गावाजवळ सीमा पोलिसांचा नाका आहे. दुसऱ्या हमरस्त्यावर दुसरा. उत्तरेकडे जाणारी प्रत्येक गाडी थांबते. आम्ही सान अँटोनिओला निघालो तेव्हा आमचीही थांबली. खिडकीत वाकून पोलिसाने विचारलं, अमेरिकन नागरिक का? पुतणीने कागद दाखवले, मी पासपोर्ट दाखवला, दोन मिनिटांत सुटलो. पण माझ्या मनात आलं, इथे जिच्या हातात काही नाही तिचं काय होत असेल? देशाच्या आत एवढं आल्यावरही सीमा संपत नाही. नदी आणि नाका यांच्या मधल्या पट्ट्यात ती बाई कोंडलेली. कॅन्सर झाला तरी त्याच पट्ट्यात, मूल आजारी पडलं तरी त्याच पट्ट्यात.

२०१७ मध्ये लारेडोहून कॉर्पस क्रिस्टीला ऑपरेशनसाठी निघालेल्या एका लहान मुलीची अँब्युलन्स अशाच नाक्यावर थांबवली. सोडली, पण पोलीस मागोमाग इस्पितळात गेले. खोलीबाहेर थांबले आणि ऑपरेशननंतर पोरीला ताब्यात घेतलं. कोर्टात दावा झाल्यावर काही दिवसांनी ती सुटली. पण ती बातमी व्हॅलीतल्या प्रत्येक स्वयंपाकघरात पोहोचली, आणि असल्या बातमीनंतर किती आयांनी आपल्या पोराचं ऑपरेशन पुढे ढकललं असेल, याची नोंद कुठल्या रजिस्टरात होत नसते. व्हॅलीतच एडिनबर्गला मुलांचं स्वतंत्र मोठं इस्पितळ झालं ते २०२४ मध्ये.

मंडळी, अमेरिका म्हटलं की आपल्याला वाटतं तिथे आजारी पडणं म्हणजे चैन. मलाही शेजारणी म्हणाल्या होत्या, गुडघे तिकडेच दाखवून घ्या. दाखवले असते तर घर विकावं लागलं असतं. तिथे सगळं विम्यावर चालतं, आणि विमा नसलेल्यांचं प्रमाण अख्ख्या अमेरिकेत टेक्सासमध्ये सर्वांत जास्त. २०१० च्या कायद्याने गरिबांचा सरकारी विमा वाढवायची सोय राज्यांना दिली. कॅलिफोर्निया, ॲरिझोना, न्यू मेक्सिको या सीमेवरच्या तिन्ही राज्यांनी ती घेतली. टेक्सासने घेतली नाही. म्हणजे एकाच सीमेवर, एकाच भाषेच्या, एकाच मिळकतीच्या दोन बायका. एकीला कार्ड मिळतं, दुसरीला नाही. फरक कशाचा? राज्याच्या रेघेचा.

यात मूत्रपिंडाच्या रोग्यांची गोष्ट ऐकवत नाही, पण ऐका. १९८६ च्या कायद्याप्रमाणे जीव धोक्यात असलेल्या कुणालाही इमर्जन्सीत परत पाठवता येत नाही. विमा असो, नसो. कायदा चांगला. पण बिनकागदाच्या माणसाच्या किडन्या गेल्या तर अनेक ठिकाणी त्याला आठवड्याला तीनदा ठरलेलं डायलिसिस मिळत नाही. श्वास लागेपर्यंत, रक्तातलं पोटॅशियम चढेपर्यंत थांबायचं आणि मरायला टेकलात की इमर्जन्सीत यायचं. मग डायलिसिस. मग घरी. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. डेन्व्हर, ह्यूस्टन आणि सान फ्रान्सिस्को या शहरांतल्या अशा रोग्यांची तुलना करून २०१८ मध्ये एक अभ्यास छापून आला. ठरलेलं डायलिसिस मिळणाऱ्यांपेक्षा या इमर्जन्सीवाल्यांत पाच वर्षांतला मृत्यूचा धोका सुमारे १४ पट. आणि हे करून पैसेही वाचत नाहीत, इमर्जन्सीचा खर्च जास्तच येतो. माणूसही जातो, पैसाही जातो. याला कारभार म्हणायचा का, ते तुम्ही ठरवा.

किडन्या जातात कशाने? बहुतेक वेळा साखरेने. ब्राउन्सव्हिल हे व्हॅलीतलं शहर. तिथे विद्यापीठाच्या लोकांनी २००४ पासून घरोघर जाऊन मेक्सिकन वंशाच्या हजारो माणसांची तपासणी केली. चार प्रौढांत एकाहून जास्त जणांना मधुमेह, आणि त्यातल्या कित्येकांना तो आहे हेच माहीत नव्हतं. ही साखर इमर्जन्सीच्या दारात सापडत नाही, घराच्या दारात सापडते. माझ्या सगळ्या बोलण्याचा रोख इथेच आहे.

कारण घरं कुठे आहेत ते बघा. टेक्सासच्या सीमेवर दोन हजारांहून जास्त ‘कोलोनिया’ आहेत. नावावर जाऊ नका. आपल्याकडच्या गुंठेवारीची आठवण करा. जमीनमालकाने शेताचे तुकडे पाडले, हप्त्यावर विकले. ना नळ, ना गटार, ना पक्का रस्ता. शेवटचा हप्ता भरेपर्यंत कागद नावावर नाही. चार-पाच लाख माणसं अशा वस्त्यांत राहतात. बस येत नाही. गाडी एकच, ती नवरा कामावर घेऊन जातो. क्लिनिक वीस किलोमीटरवर. पाऊस पडला की चिखल. हे ऐकून तुम्ही हसताय, कारण मी चंदगडातल्या एखाद्या वाडीचं वर्णन करतेय असं तुम्हाला वाटतंय.

आणि मग भाषा. क्लिनिकमध्ये पोचल्यावरही सगळं सुटत नाही. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून शाळेतली पोरगी रजा काढून दुभाषी म्हणून येते. आता आईला पाळीचा त्रास असेल, घरी मार खावा लागत असेल, तर ती दहा वर्षांच्या लेकीच्या तोंडून डॉक्टरला काय सांगणार? औषधाच्या बाटलीवर इंग्रजीत ‘वन्स’ लिहिलेलं असतं, दिवसातून एकदा. त्याच अक्षरांचा स्पॅनिशमध्ये उच्चार ‘ओन्से’ आणि अर्थ अकरा! रक्तदाबाची गोळी दिवसाला अकरा? तिथल्या औषध दुकानदारांना हा धोका पाठ आहे. १९८० मध्ये फ्लोरिडात, म्हणजे सीमेपासून लांब, एका क्यूबन कुटुंबाच्या तरुण पोराला बेशुद्ध आणलं. घरचे स्पॅनिशमध्ये म्हणाले ‘इंतोक्सिकादो’, म्हणजे काहीतरी खाण्यात आलं असावं. डॉक्टरांनी ऐकलं नशा केली आहे. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. पोरगा हातापायांनी कायमचा लुळा झाला आणि इस्पितळाला सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर देण्याची तडजोड करावी लागली. एका शब्दाचे. आम्ही मराठी पाटी मागतो, मराठीत फॉर्म मागतो, तेव्हा काही लोक म्हणतात हा अस्मितेचा हट्ट आहे. त्यांना हा हिशेब दाखवा.

तर अशा ठिकाणी कोण पोहोचलं? ‘प्रोमोतोरा’. स्पॅनिशमध्ये प्रोमोतोरा दे सालुद, आरोग्याचा प्रसार करणारी बाई. आपल्या आशाताई समजा, फक्त तिथे त्या चळवळीतून वर आल्या, सरकारी योजनेतून खाली नाही. वस्तीतलीच बाई. तिला माहीत असतं कुठल्या घरात म्हातारी एकटी आहे, कुणाचा नवरा रात्रपाळीला जातो, कुणाचे कागद आहेत आणि कुणाचे विचारायचे नाहीत. मी जिच्याबरोबर हिंडले ती पन्नाशीची, स्वतः साखरेची रोगी. दार वाजवल्यावर पहिली दहा मिनिटं आजाराचं नाव नाही. टोमॅटोला भाव काय, पोरगी शाळेत जाते का, कुत्रं का भुंकतंय. मग हळूच पिशवीतून ग्लुकोमीटर. पुतणीला एका पेशंटमागे पंधरा मिनिटं मिळतात. ही बाई दीड तास बसते, आणि उठताना बाईच्या हातात क्लिनिकची तारीख, गाडीची सोय आणि फी किती कमी होईल त्याचा कागद देते. तशी क्लिनिकं तिथे आहेत, मिळकतीप्रमाणे फी घेणारी, नागरिकत्व न विचारणारी. पण ती आहेत हे कुणीतरी दारात येऊन सांगावं लागतं. आणि सांगणारीवर विश्वास असावा लागतो.

ॲरिझोनाच्या सीमेवर ‘पासोस आदेलान्ते’ नावाचा कार्यक्रम आहे, म्हणजे पावलं पुढे. १२ आठवडे, प्रोमोतोरा शिकवतात, सोबत चालण्याचे गट. सहभागी बायकांचा रक्तदाब, वजन, कंबर मोजून फरक दाखवला गेला आहे. टेक्सासने १९९९ मध्ये या बायकांच्या कामाला कायद्यात जागा दिली आणि पुढे १६० तासांचं प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र सुरू केलं. विमा देण्यात शेवटचं राज्य या बाबतीत मात्र पहिल्यांत! राजकारण असं असतं. बाईला प्रमाणपत्र देणं स्वस्त पडतं, विमा महाग.

काही कामं सीमेपलीकडे हात दिल्याशिवाय होतच नाहीत. क्षयाचंच घ्या. सहा महिने गोळ्या. माणूस इकडे सुरू करतो, तिकडे जातो, गोळ्या तुटल्या की रोग औषधाला दाद देत नाही. सान दिएगो काउंटीने १९९७ मध्ये ‘क्यूअर टीबी’ सुरू केलं. रोगी सीमा ओलांडणार असेल तर त्याची माहिती आधीच पलीकडच्या दवाखान्यात पोहोचते. चंदगड-बेळगाव करणारे माझे किती क्षयरोगी असे मधेच हरवले असते, जर मी आणि पलीकडची सिस्टर एकमेकींना फोन करत नसतो! तिथे त्या फोनची व्यवस्था झाली, एवढाच फरक.

कॅलिफोर्नियाने तर २००० मध्ये एका मेक्सिकन कंपनीला आरोग्य विम्याचा परवाना दिला. कामगार नोकरीला अमेरिकेत, डॉक्टर तिहुआना नाहीतर मेहिकालीत, विमा चालतो. आणि मेक्सिको सरकारने अमेरिकेतल्या आपल्या सुमारे ५० वाणिज्य दूतावासांत ‘व्हेंतानिया दे सालुद’, आरोग्याची खिडकी उघडली. पासपोर्टच्या रांगेत उभं असतानाच साखर तपासून घ्या, जवळचं क्लिनिक कुठलं ते विचारून घ्या. दुसऱ्या देशात राहणाऱ्या आपल्या माणसांची तब्येत बघितली म्हणून अमेरिकेच्या सार्वभौमत्वाला धक्का लागला नाही. आता २०२३ आठवा. महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, तर तेव्हाच्या कर्नाटक सरकारने केवढा विरोध केला! आणि एकतर्फी बोलायला नको म्हणून हेही सांगते. गोवा मेडिकल कॉलेजात २०१८ पासून बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीचे लोक रस्त्यावर उतरले. त्या लोकांना वर्षानुवर्षं वेळेत गाठता येणारं मोठं इस्पितळ बांबोळीचंच. ते ‘बाहेरचे’ कसे? आजाऱ्याला सगळ्यांत जवळचं इस्पितळ लागतं, त्याच्यावर कुठल्या राज्याची पाटी आहे ते नाही.

शेवटी आत्ताचं. इस्पितळं, शाळा, चर्च यांत शक्यतो अटक करायची नाही, असा तिथल्या इमिग्रेशन पोलिसांना दंडक होता. जानेवारी २०२५ मध्ये तो काढून टाकला. मार्चमध्ये इंग्रजी अधिकृत भाषा जाहीर झाली आणि इंग्रजी न येणाऱ्यांना सरकारी सेवा समजाव्यात म्हणून २००० मध्ये निघालेला राष्ट्राध्यक्षांचा आदेश रद्द झाला. पुतणी फोनवर सांगते, दिलेल्या तारखेला येणारे कमी झाले. वीस-पंचवीस वर्षांत दारोदार जाऊन जो विश्वास जमवला, तो एका परिपत्रकाने पातळ होतो. बांधलेली इस्पितळं जागेवर आहेत, यंत्रं आहेत, माणसं घरात बसून आहेत.

आणि प्रोमोतोरांचा पगार बहुतेक ठिकाणी अनुदानावर. तीन वर्षांचा प्रकल्प, तो संपला की नोकरी संपली. माझ्यासोबतच्या त्या बाईचाही प्रकल्प मी असतानाच संपत आला होता. मी तिला पुतणीमार्फत विचारलं, मग पुढे काय करणार? ती म्हणाली, पुढच्या महिन्यापासून पगार नाही, पण लोकांना ते कुणी सांगितलेलं नाही, ते दार वाजवणारच. आपल्या आशाताई मानधनासाठी पावसात धरणं धरतात तेव्हा मला तिची आठवण येते. हे फुकटातलं प्रेम कौतुकाने सांगायची मला लाज वाटते. तिला पगार हवा.

वेळ झाली, मला खूण करताहेत. प्रश्न असतील तर विचारा. आणि ज्यांनी फुले योजनेचे कागद पिशवीत आणलेत, त्यांनी चहा झाल्यावर मागच्या टेबलापाशी थांबा. मी आणि दोघी आशाताई बसणार आहोत, एकेकाचे बघून देतो.